उसनी गोलकीपर

चाळिशी ओलांडल्यावर बाईने गुडघे सांभाळावेत, असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं. मी ते सांभाळण्याऐवजी गोलपोस्टमध्ये नेऊन उभे केले. यात दोष माझा एकटीचा नव्हता. ओमानमध्ये मस्कतजवळच्या अमेरातमधल्या आम्हा मराठी बायकांनी शुक्रवारी सकाळी चालायला जायचं म्हणून एक ग्रुप काढला होता. चालून कुणाचंही वजन उतरेना, कारण चालणं संपलं की सगळ्या मिळून कुणा एकीच्या घरी साबुदाणा वडे खायला बसायच्या. शेवटी साताऱ्याची एक विज्ञानाची शिक्षिका म्हणाली, "हे काय खरं नाही, आपण फुटबॉल खेळू." शाळेत ती पोरांना दामटायची तशीच आम्हालाही दामटू लागली आणि कुणी न नेमताच आमची कॅप्टन झाली. संघ सात जणींचा. त्यात एक जागा फारसं न पळणारीची असते असं कळल्यावर मी ताबडतोब हात वर केला.

मैदान मस्कतच्या गाला भागात, गॅरेजांच्या रांगेमागे, खोट्या हिरवळीचं. माझा नवरा त्याच रांगेतल्या एका गॅरेजात गाड्यांचे सुटे भाग सांभाळतो. आम्ही दोघंही कुडाळकडचे. मी गोलमध्ये उभी राहणार हे ऐकून तो म्हणाला, "बरा झाला गो. तुका हलाचीच गरज नाय. नुसता उभ्यान गोल भरतलो." त्या दिवशी सुरमई फ्रीजमध्येच राहिली आणि ताटात नुसता आमटी-भात पडला, तेव्हा त्याला काय ते कळलं.

तशी मी अगदीच नवखी नव्हते. शाळा-कॉलेजात कबड्डी खेळले होते, जिल्ह्याच्या संघापर्यंत. डावा कोपरा माझा. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरण्यात आमच्या तालुक्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्यात जादू काही नाही. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं नाही, फक्त पाय बघायचे. वजन मागच्या पायावर गेलं की पुढचा पाय हलका होतो. तेवढ्यात झेप घालायची आणि घोटा दोन्ही हातांनी आवळायचा. मग बाकीच्या येऊन पडतातच.

आता या विद्येचा फुटबॉलमध्ये काय उपयोग, तर काहीही नाही. उलट पहिल्याच सामन्यात तिने आमची लाज काढली. समोर फिलिपिनो नर्सेसचा संघ होता. त्यांची एक चपळ पोरगी आमच्या सगळ्यांना चुकवून चेंडू घेऊन थेट माझ्याकडे आली. मी तिचे पाय बघितले. पुढचा पाय हलका झाला आणि पुढचं काही मी ठरवून केलं नाही. मी झेप घातली, तिचा घोटा आवळला आणि पोटातून ओरडले, "धरा गं!" आता माझ्या दोन्ही बचावपटू सातारा-सांगलीच्या, त्यांचंही बालपण मातीतच गेलेलं. एकीने त्या बिचारीची कंबर धरली, दुसरीने खांद्यावरून मिठी मारली आणि आम्ही तिघींनी मिळून तिला हिरवळीवर झोपवलं. चेंडू आपला शांतपणे घरंगळत बाहेर गेला. रेफरी होती एका शाळेत खेळ शिकवणारी ओमानी मुलगी. तिला शिट्टी वाजवायची होती, पण हसण्यामुळे हवाच निघत नव्हती. खाली दबलेल्या नर्सने उठल्यावर आधी माझं सोललेलं कोपर तपासलं आणि मग शांतपणे पेनल्टी मारून गोल केला.

पुढच्या सामन्यातही तेच झालं. जित्याची खोड ती. तेव्हा कॅप्टनने डोक्याला हात लावला आणि कोचना घेऊन आली.

कोच तिच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. जपानी गृहस्थ, पन्नाशीचे, पाठ सरळ, चेहरा नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखा. एकेकाळी जपानात व्यावसायिक गोलकीपर होते आणि आता मस्कतमधल्या एका पुरुषांच्या क्लबात गोलकीपरांना शिकवायचे. शुक्रवारची सकाळ त्यांना मोकळी असायची, ती त्यांनी आम्हाला दिली. त्यांचं इंग्रजी मोजकं, माझंही मोजकंच, त्यामुळे आमचं छान जमलं. अडलं की ते क्लबातली अरबी वापरायचे, "यल्ला" म्हणजे चला, "शुवय्या शुवय्या" म्हणजे हळूहळू, आणि "खलास" म्हणजे आजच्यापुरतं पुरे. ही भाषा तर इथे भाजीवाल्यापासून सगळ्यांना येते.

पहिल्या दिवशी मैदानात शिरण्याआधी त्यांनी रेषेबाहेर उभं राहून कमरेत वाकून मैदानाला नमस्कार केला. मी त्याच वेळी सवयीने हिरवळीला हात लावून कपाळाला लावत होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या क्षणी हा माणूस मला आपला वाटला. मैदानात पाय टाकताना नमस्कार न करणारी माणसं मला आजही अर्धवट वाटतात, त्याला माझा इलाज नाही.

मग त्यांनी मला गोलमध्ये उभं केलं आणि स्वतः चेंडू घेऊन आले. म्हणाले, "सामन्यात करता म्हणे, ते करून दाखवा." मी संकोचले. परपुरुष, वर कोच, त्यांच्या पायाला हात कसा घालणार? पण ते आले आणि पुढचा पाय हलका झाला. एवढा मोठा माणूस धपकन आडवा झाला. बाकीच्या बायकांनी "अगं बाई!" केलं. कोच उताणे पडून आभाळाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे गालाहून थेट विमानतळावर जाणार. तर ते उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "पुन्हा."

असं बरेचदा झालं. शेवटी त्यांनी चेंडू बगलेत घेतला आणि सांगितलं, "तुमची वेळ बरोबर आहे. झेप बरोबर आहे. डोळा तर फारच चांगला आहे, माझ्या क्लबातली मुलं चेंडूकडे बघतात, तुम्ही वजन बघता. फक्त एकच चूक. तुम्ही चुकीची वस्तू घेता."

आता चुकीची वस्तू सोडून बरोबर वस्तू घेण्याचा अभ्यास सुरू झाला. हात ऐनवेळी घोट्याकडेच जायचे. मी वैतागून घरून लेकीच्या जुन्या लेगिंगचा एक पाय कापून आणला, त्यात चेंडू घातला आणि वर गाठ मारली. म्हटलं, मनाला वाटू दे की हाही घोटाच आहे. लेक नववीत, तिने ते बघून कपाळाला हात लावला, "आई, धिस इज सो... तू असं नको ना करू, लोक बघतात." कोचना मात्र ही युक्ती भलतीच आवडली. त्यांनी लेगिंगमधल्या त्या चेंडूचा फोटो काढून जपानला बायकोला पाठवला. हळूहळू चारातल्या तीन वेळा हात चेंडूवर पडू लागला. चौथ्या वेळी कुणीतरी आडवं व्हायचंच.

हिवाळ्यात बायकांच्या संघांची स्पर्धा व्हायची होती. मी गावी आईला फोनवर सांगून बसले होते. तिने वाडीभर सांगून ठेवलं की लेक परदेशात फुटबॉल खेळते. त्यातून वाडीने काय समजायचं ते समजून घेतलं होतं आणि मी ते दुरुस्त करायला गेले नाही. मला ती स्पर्धा खेळायची होती. इतकी वर्षं मी ओमानमध्ये दुसऱ्यांचे डबे भरत, दुसऱ्यांची वेळापत्रकं सांभाळत होते. अंगाला पुन्हा कुठल्या तरी जागेची सवय झाली होती, आणि ती जागा मला हवी होती. हे कुणाला बोलून दाखवलं असतं तर हसले असते, म्हणून बोलले नाही.

आणि नेमकी तेव्हाच नागपूरची इंजिनीअर आली. मस्कतच्या एका कंपनीत नवीनच लागलेली, पंचविशीची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली. स्वभावाने इतकी गोड की तिच्यावर रागावताही येईना. कोचनी दोन शुक्रवार तिला बघितलं आणि जाहीर केलं, "पहिली गोलकीपर ती. दुसरी तुम्ही."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तो आता डोक्यात गेला. मी हातमोजे गाडीत भिरकावले. कॅप्टन समजवायला आली, तिला म्हटलं, "गरज सरो, वैद्य मरो! जा तुम्ही." इंजिनीअर धावत आली, "ताई, तुम्ही काहून रागावून राहिल्या? मी नाही म्हणते ना त्यांना." तिला म्हटलं, "गप गं, तुझ्यावर नाही रागावले." आणि कोचकडे न बघता गाडी सुरू केली, तर कोच शांतपणे दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांची गाडी नवऱ्याच्या गॅरेजात दुरुस्तीला होती आणि त्यांना अमेरातला सोडायचं मी आदल्या रात्रीच कबूल केलं होतं. रागावलेल्या बाईने शब्द तर मोडायचा नसतो.

गाला ते अमेरात मधे डोंगर आहे. त्यावरून घाटाचा रस्ता जातो, झाड नसलेला, काळ्या-तपकिरी दगडांचा. कोकणातल्या माणसाला तो बघून गहिवरही येतो आणि हसूही. चढ लागला. मग त्यांनी स्वतःहून बोलायला सुरुवात केली.

ते उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावातले. वडील मासे सुकवायचे. मी म्हटलं, "आमच्याकडेही सुकवतात." ते म्हणाले, "मग वास माहीत आहे." त्या वासातून बाहेर पडायला पोराने फुटबॉल धरला. शाळा संपल्या संपल्या एका मोठ्या क्लबाने त्याला घेतलं. गावाने मिरवणूक काढली. क्लबात गेल्यावर कळलं की गोलकीपर तीन असतात आणि खेळतो एक. बाकी जागांवर कधी हा, कधी तो. पुढचा खेळाडू दमला की बदलतात. गोलकीपर दमतच नाही. "आमचा पहिला गोलकीपर तर आजारीही पडायचा नाही," कोच म्हणाले. "त्याला कधी सर्दीसुद्धा झाली नाही. मी वाट बघायचो." आणि लगेच म्हणाले, "वाईट विचार. पण बघायचो."

मला हसू फुटलं. राग असताना हसू आलं की फार अपमान होतो.

वर्षानुवर्षं ते रोज सगळ्यांआधी मैदानावर गेले. सामन्याआधी पहिल्याला चेंडू मारून मारून गरम करायचं आणि मग जाकीट घालून बाकावर बसायचं. आई दर सामन्याला दूरचित्रवाणीसमोर बसायची आणि बाक दाखवला की शेजारणींना बोलवायची. मधे क्लबाने त्यांना दुसऱ्या लहान क्लबांना उसनं दिलं. आपण शेजारी वाटीभर साखर देतो तसं. एकदा एका क्लबाला, मग दुसऱ्याला. "तुम्हाला अपमान नाही वाटला?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "अपमान? तिथे मी खेळलो!" माझ्या गाडीत बसून एवढ्या मोठ्याने ते पहिल्यांदाच बोलले. लहान गाव, गार वारा, बघायला मूठभर माणसं, कोणीतरी कुत्रंही घेऊन आलेलं, आणि ते गोलमध्ये उभे. त्यातला एकेक अडवलेला चेंडू त्यांना आठवत होता. घाट उतरेपर्यंत त्यांनी मला हातवारे करून ते सगळे सांगितले. मी वळणांवर आणि ते सामन्यात असे आम्ही खाली आलो.

पुढे गुडघे गेले आणि ते कोच झाले. वेगळं काही शिकावं लागलं नाही, कारण दुसऱ्याला तयार करण्यातच आयुष्य गेलं होतं. देशोदेशी फिरत ते ओमानला पोचले. "पण कोचचं काम गोलकीपरपेक्षा वाईट," उतरताना ते म्हणाले. "मी स्वतः कुणाला तरी दरवेळी बाकावर बसवतो. आणि मला माहीत आहे, तिथे काय वाटतं." मग त्यांनी मान झुकवली, "तुमचा राग बरोबर आहे. पहिली तीच." आणि दार अगदी हळू लावून गेले.

घरी येऊन मी हातमोजे धुतले. नवऱ्याने विचारलं, "काय गो, खलास?" म्हटलं, "नाही. दुसरी गोलकीपर."

त्यानंतर मी त्या पोरीला तयार करायच्या मागे लागले. मन लावून केलं ते. तिची उंची आणि माझा डोळा, असं जमवायचं होतं. तिला पाय बघायला शिकवलं, वजन ओळखायला शिकवलं. घोटा मात्र शिकवला नाही. ती एकेक सामना अशी खेळली की मला बाकावर बसवेना, मी रेषेजवळ येरझाऱ्या घालायची. आम्ही फायनलला पोचलो. खोटं कशाला बोलू, तिने अडवलेल्या प्रत्येक चेंडूला मी ओरडले आणि प्रत्येक ओरडण्याच्या तळाशी होतं की तिथे मी असायला हवी होते. तिला सर्दी व्हावी असं मात्र एकदाही वाटलं नाही. निदान फारसं नाही.

फायनल नर्सेसशीच होती. गालाचं मैदान माणसांनी भरलेलं. नवरा गॅरेजातल्या सगळ्यांना घेऊन आला होता, लेक मैत्रिणींपासून लांब, पण आली होती. खेळ सुरू व्हायच्या जरा आधी पलीकडे गडबड उडाली. त्यांच्या गोलकीपरला हॉस्पिटलातून फोन आला होता, वॉर्डात माणसं कमी, ताबडतोब ये. ती खेळायच्या कपड्यांवरच धावत गेली. त्यांच्यात दुसरी गोलकीपर नव्हती. एक बुटकीशी पोरगी रडवेली होऊन मोठ्ठे हातमोजे चढवत होती.

आमच्याकडे आनंदाची लाट आली. कॅप्टन म्हणाली, "देव आहे." तेवढ्यात कोच मैदान ओलांडून पलीकडे गेले, रेफरीशी बोलले, नर्सेसच्या कॅप्टनशी बोलले, परत आले आणि मला म्हणाले, "त्यांच्याकडे गोलकीपर नाही. आपल्याकडे दोन आहेत. तुम्ही तिकडे जा."

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर तोंडातून एवढंच निघालं, "आपल्याविरुद्ध?"

"गोलकीपर कुणाच्या विरुद्ध नसतो," ते म्हणाले. "तुम्ही फक्त गोल सांभाळायचा."

रेफरीचं म्हणणं, दोन्ही कॅप्टनची हरकत नसेल तर चालेल. माझी खात्री होती की आमची कॅप्टन आकाशपाताळ एक करणार. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे चमकले. आमच्या बायकांना बाजूला घेऊन ती कुजबुजली, पण तिची कुजबुज म्हणजे वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारी. "जाऊ दे तिला. एकदा तिच्या अंगावर जायचं. ती घोटा धरणारच. पेनल्टी आपली."

तेव्हा मी नर्सेसचा पिवळा शर्ट अंगात घातला. तो पोटावर घट्ट झाला, होऊ दे म्हटलं. हिरवळीला हात लावला, कपाळाला लावला आणि जाऊन समोरच्या गोलमध्ये उभी राहिले. पलीकडच्या टोकाला नागपूरची पोरगी उभी होती. तिने लांबून दोन्ही हात हलवले.

नवऱ्याची पंचाईत झाली. बायकोसाठी ओरडावं तर संघ हरतो. तो थोडा वेळ हाताची घडी घालून उभा राहिला आणि मग काय झालं कोण जाणे, ओरडला, "यल्ला, कुडाळ!" गॅरेजातले मल्याळी, बंगाली सगळे कुडाळ म्हणजे माझंच नाव समजून ओरडू लागले.

मी चांगली खेळले. हे लिहिताना विनय दाखवायचा असतो, पण तो मी दाखवणार नाही. आमच्या बायकांचे पाय मी महिनोन् महिने गोलमधून आणि मग बाकावरून बघत होते. कुणाचं वजन कधी कुठे जातं हे मला त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. एक चेंडू मी पोटावर घेतला, एक पायाने, एक चक्क तोंडावर. समोर नागपूरवालीही ऐकत नव्हती. नर्सेसची ती चपळ पोरगी दोनदा तिच्यावर आली आणि दोनदा हात हलवत परत गेली.

आणि मग कॅप्टन सुटली. एकटी, चेंडू पायात, सरळ माझ्यावर. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, पाय बघितले. जवळ आल्यावर तिने डावा घोटा माझ्यासमोर असा धरला, अगदी ताटात वाढावा तसा. इतका सुंदर, इतका हलका घोटा मला कॉलेजनंतर कुणी दिला नव्हता. माझे हात निघाले. बाहेरून लेकीचा आवाज आला, मैत्रिणींसमोर, तिच्या अडखळत्या मराठीत, "आई, ते नको! बॉल घे, बॉल!"

मी चेंडू घेतला. छातीशी घट्ट आवळून पडून राहिले आणि कॅप्टन माझ्यावरून उडून पलीकडे पडली. पडल्या पडल्या म्हणाली, "घरभेदी!" आम्ही दोघी तिथेच आडव्या पडून हसत होतो.

शेवटी शेवटी नर्सेसनी कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर एक गोल केला. तो अडवणं कुणालाच जमलं नसतं, मलाही नाही. तेवढ्यावर त्या जिंकल्या. त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला, तो सोडून दिला आणि मग माझ्याभोवतीच नाचल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी लपवलं नाही. नागपूरची इंजिनीअर धावत येऊन गळ्यात पडली, "ताई, काय खेळल्या तुम्ही!" स्वतः हरलेली असताना.

आमचा संघ मात्र कोचना घेरून उभा होता. कॅप्टनचे गुडघे सोललेले, आवाज चढलेला. "कोच, आम्ही जिंकलो असतो! त्यांच्याकडे गोलकीपर नव्हती. तुम्ही दिलीत. कुठला कोच असं करतो?"

कोचनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकदा त्या उंच पोरीकडे बघितलं, एकदा पिवळ्या शर्टातल्या माझ्याकडे. त्या इस्त्रीच्या चेहऱ्याच्या घड्या पार विस्कटल्या होत्या.

"इतकी वर्षं मी गोलकीपर होतो, इतकी वर्षं कोच आहे," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा माझ्या दोन्ही गोलकीपर खेळल्या."